शेतातील उंदरांवरील परजीवी: पाऊस, उष्णता आणि अधिवासाचा परिणाम (कोल्हापूर जिल्हा)

ऊसतोड सुरू झाली की वर्षभर उभ्या उसात राहिलेला उंदीर बांधावर, शेजारच्या पिकात, वैरणीच्या गंजीत आणि वस्तीकडे सरकतो. शेतकरी त्याच्याकडे नुकसानीच्या हिशेबाने पाहतो: कुरतडलेली कांडी, भुईमुगाच्या फोडलेल्या शेंगा, पोत्यांना पडलेली भोके. पण उंदीर एकटा येत नाही. त्याच्या केसांत पिसवा असतात, कानांत माईटच्या अळ्या असतात, कातडीला गोचिडाची पिल्ले चिकटलेली असतात आणि आतड्यात कृमी असतात. यांपैकी काही माणसाला चावतात, काही आजार देतात.

हे परजीवी सर्व ठिकाणी आणि बाराही महिने सारखे नसतात. गगनबावड्याच्या झाडीत जे वाढते ते शिरोळच्या काळ्या रानात वाढेलच असे नाही. ऑगस्टमध्ये जे असते ते एप्रिलमध्ये राहत नाही. हा फरक समजला तर उंदीर कधी मारावा, कसा मारावा आणि मजुराला ताप आला तर डॉक्टरांना काय सांगावे, हे ठरवणे सोपे जाते.

परजीवीची दोन घरे

उंदरावरील बहुतेक परजीवींना दोन घरे लागतात. पहिले घर म्हणजे उंदराचे शरीर. तेथे रक्त मिळते आणि ऊब कायम राहते. दुसरे घर म्हणजे बीळ, घरटे, पालापाचोळा किंवा माती. तेथे अंडी पडतात, अळ्या वाढतात, कोष होतात. उंदराच्या शरीराचे तापमान पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात जवळपास तेच राहते. म्हणून हवामानाचा खरा घाव किंवा खरी मदत दुसऱ्या घरावर होते.

पिसवाचे उदाहरण घेऊ. पूर्ण वाढलेली पिसू उंदरावर रक्त पिते, पण तिची अंडी केसांतून घसरून बिळात पडतात. अळी बिळातील कचरा आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेले रक्त खाऊन वाढते. अळीला दमट हवा लागते. हवा कोरडी झाली तर ती सुकून मरते. म्हणजे उंदीर धडधाकट असला तरी बीळ कोरडे पडले की पिसवांची पुढची पिढी घटते.

बिळाचे हवामान बाहेरच्या हवेपेक्षा वेगळे असते. बाहेर दुपारी पारा ३८ अंशांवर असला तरी हातभर खोल मातीत गारवा आणि ओल टिकते. शेतातील काळा उंदीर, ज्याला लहान घूस असेही म्हणतात (बँडिकोटा बेंगालेन्सिस), बिळाचे तोंड मातीने बंद करतो आणि आत कणसे साठवतो. त्यामुळे आतली ओल बाहेर जात नाही. पिसवा आणि माईटसाठी ही जागा सोयीची ठरते.

एकाच जिल्ह्यात तीन हवामाने

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, कोल्हापूर शहराच्या आसपास सुमारे १,००० मिलिमीटर, आणि शिरोळ भागात साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. माती आणि पीकही त्याप्रमाणे बदलते.

* पश्चिम पट्टा (गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा व चंदगडचा घाटाकडील भाग): तांबडी माती, भात, नाचणी, काजू, जंगल व झुडपे. पावसाळ्यानंतरही जमीन बरेच दिवस ओली. येथे माईट आणि गोचीड यांना अनुकूल परिस्थिती असते.
* मधला पट्टा (करवीर, पन्हाळा, कागल): ऊस, भात, सोयाबीन, भुईमूग. नदीकाठ, ओढे, दाट वस्ती. येथे शेतातील आणि घरातील उंदीर एकमेकांच्या हद्दीत येतात.
* पूर्व पट्टा (हातकणंगले, शिरोळ): काळी माती, कमी पाऊस, पण नदी व उपसा सिंचनामुळे बागायती ऊस.

पूर्व पट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाच्या आकड्यांवरून हा भाग कोरडा वाटतो. पण ठिबक असो वा पाट, उसाला पाणी सुरू असते. उसाची सावली आणि पाचटाचे आच्छादन यामुळे जमीन झाकलेली राहते. आडसाली ऊस तर वर्षाहून अधिक काळ शेतात उभा असतो. पावसाच्या नकाशावर कोरडा दिसणारा भाग उंदराच्या बिळात मात्र दमट असतो. त्यामुळे परजीवीचा अंदाज बांधताना तालुक्याचा पाऊस पाहून भागत नाही. त्या शेताची ओल, सावली आणि पिकाचा मुक्काम पाहावा लागतो.

उंदरांच्या जातीही अधिवासाप्रमाणे बदलतात. ओलिताच्या उसात आणि भातात काळा उंदीर जास्त असतो. जिरायत, मोकळ्या आणि कोरड्या रानात लांब शेपटीचा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला जर्बिल (टाटेरा इंडिका) आढळतो. मऊ केसांचा शेतउंदीर आणि लहान शेतउंदीर बांधाच्या कडेने राहतात. घरात आणि गोदामात घरउंदीर असतो. पीकपद्धती जिरायतीकडून बागायतीकडे गेली की उंदराची जात बदलते आणि तिच्यासोबत परजीवींचा संचही बदलतो.

पिसवा: मुंबई ते ममला

महाराष्ट्राने उंदराच्या पिसवाचा फटका दोनदा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात, धान्याच्या वखारींजवळ, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही वर्षांत प्लेग पुणे, सातारा, बेळगाव आणि कोल्हापूर संस्थानातही पोचला. उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या, ही रीत त्या काळात पडली. जुन्या घरांत आजही ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग भीतीनेच केला जातो.

त्या काळच्या अभ्यासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मुंबईत साथ थंडी संपताना वाढत असे आणि उन्हाळा तापला की उतरत असे. यामागे दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, उंदरावरील मुख्य पिसू (झेनोप्सिला किओपिस) साधारण २० ते २५ अंश तापमानात आणि दमट हवेत चांगली वाढते. दुसरे म्हणजे, प्लेगचे जंतू पिसवाच्या अन्ननलिकेत गोळा होऊन ती तुंबवतात. तुंबलेली पिसू भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यात जंतू सोडते. तापमान २७-२८ अंशांच्या पुढे गेले की ही तुंबण्याची क्रिया मंदावते. कडक उन्हाळा अशा प्रकारे पिसवाची संख्या आणि तिची आजार पसरवण्याची ताकद, दोन्ही कमी करतो.

दुसरा प्रसंग १९९४ चा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर, उस्मानाबाद आणि आसपासच्या भागातील लोक पडक्या किंवा तडे गेलेल्या घरांतून बाहेर राहू लागले. घरांत साठवलेले धान्य मात्र तसेच राहिले. माणसांचा वावर नसलेल्या घरांत, भरपूर धान्यावर उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील ममला गावात पिसवांचा उपद्रव आणि उंदीर मरून पडण्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर लोकांना ताप आणि जांघेत गाठी दिसू लागल्या. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. १९६६ नंतर देशात प्लेगच्या प्रमाणित रुग्णाची नोंद नव्हती, त्यामुळे यंत्रणा गाफील होती.

ममल्याच्या घटनेत हवामान आणि अधिवास एकत्र आलेले दिसतात. अधिवास बदलला (रिकामी घरे, उघडे धान्य), उंदीर वाढले, आणि पावसाळ्याने पिसवांना हवी ती ओल व सौम्य तापमान दिले. यांतील एकच गोष्ट घडली असती तर कदाचित निभावले असते.

जगात इतरत्रही असेच दिसले आहे. कझाकस्तानातील मोठ्या जर्बिलवरील अनेक दशकांच्या नोंदी तपासून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वसंत ऋतूचे तापमान १ अंशाने वाढले तर जर्बिलमधील प्लेगचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक वाढते, असे त्यात आढळले. तेथील वसंत थंड असतो, म्हणून ऊब पिसवाला फायद्याची ठरते. आपल्याकडील एप्रिल आधीच तापलेला असतो, त्यामुळे आणखी उष्णता पिसवाला मारक ठरू शकते. ‘तापमान वाढले की परजीवी वाढतात’ असे सरसकट विधान म्हणूनच चुकीचे आहे. कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात आणि ओल किती, हे पाहूनच अंदाज बांधावा.

आज कोल्हापूर भागात प्लेगची साथ नाही, आणि पिसू चावली म्हणजे प्लेग झाला असे समजू नये. मात्र उंदरांच्या पिसवांमुळे खाज, पुरळ आणि पिसवातापासारखे (म्युराईन टायफस) आजार होऊ शकतात.

माईट: पावसाळ्यानंतरची झाडी

उंदराच्या कानात नारिंगी-लाल ठिपक्यांचा पुंजका दिसतो. त्या माईटच्या अळ्या असतात. त्यांना चिगर म्हणतात. या माईटची फक्त अळी अवस्था परजीवी असते. ती आयुष्यात एकदाच उंदराच्या किंवा माणसाच्या कातडीवर पोट भरते. पुढील अवस्था आणि मोठी माईट मातीत राहते व तेथील बारीक किडे व त्यांची अंडी खाते. तिचे बहुतेक आयुष्य मातीत जात असल्याने तिची संख्या मातीतील ओल आणि सावलीवर अवलंबून असते.

पावसाळ्यात गवत आणि झुडपे वाढतात, जमीन ओली राहते, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात चिगर वाढतात. यांच्यापासून स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या आजाराची साथ आली होती. गवत कापणारे, गुरे राखणारे आणि शेतात बसून काम करणारे यांना धोका जास्त असतो.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. स्क्रब टायफसचे जंतू माईट आपल्या अंड्यांमार्फत पुढच्या पिढीला देते. उंदीर माईटला अन्न पुरवतो आणि इकडून तिकडे नेतो, पण रोगाचा मुख्य साठा माईटमध्येच असतो. त्यामुळे केवळ उंदीर मारून हा आजार थांबत नाही. घराभोवतीचे, गोठ्याजवळचे आणि वाटेवरचे गवत-झुडूप काढून जमिनीवर ऊन पाडणे हा जास्त उपयोगी उपाय आहे. अवकाळी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबला तर ओल टिकते आणि धोक्याचा काळही लांबतो.

गोचीड: घाटाकडील गावांनी लक्ष द्यावे

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. पुढे तो पश्चिम घाटातून उत्तरेकडे सरकताना दिसला. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याचे रुग्ण आढळले. चंदगड आणि आजरा हे तालुके या भागाला लागून आहेत.

हा विषाणू पसरवणाऱ्या जंगली गोचिडाच्या पहिल्या दोन अवस्था, अळी आणि पिल्लू, उंदीर, खार, पक्षी आणि माकडांवर रक्त पितात. मोठी गोचीड गुरे, गवा अशा मोठ्या जनावरांवर जाते. म्हणजे उंदीर लहान अवस्थांना पोसतो आणि गाय-म्हैस मोठ्या अवस्थेला. जंगलाच्या कडेला गुरे चरतात, तेथे गोचिडाचे चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण होते.

पावसाळ्यानंतर अळ्या आणि साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत पिल्ले असतात. माणसाला मुख्य धोका पिल्लांपासून असतो. काजू वेचणे, पालापाचोळा गोळा करणे, जळण आणणे ही कामे नेमकी याच कोरड्या महिन्यांत होतात. पिसू आणि चिगर यांना मारणारा कोरडा काळ येथे गोचिडाच्या पिल्लांचा हंगाम ठरतो. एकाच उंदरावरील तीन परजीवींची वेळापत्रके अशी वेगळी आहेत.

पोटातील कृमी: धान्याची कोठी आणि गोगलगाय

उंदराच्या आतड्यातील पट्टकृमी (हायमेनोलेपिस डिमिन्युटा) याची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. धान्यातील तांबडा भुंगा आणि इतर किडे ती खातात व कृमीची पुढची अवस्था त्यांच्या शरीरात तयार होते. असा किडा उंदराने, किंवा कच्च्या पिठातून अथवा धान्यातून माणसाने, विशेषतः लहान मुलाने खाल्ला की चक्र पूर्ण होते. उबदार आणि दमट कोठीत भुंगा लवकर वाढतो आणि त्याच्या पोटातील कृमीही लवकर तयार होतो. धान्य नीट वाळवून, बंद कोठीत ठेवले तर उंदीर, भुंगा आणि कृमी तिन्ही एकाच उपायाने आवरतात.

उंदराच्या फुप्फुसातील कृमीला (अँजिओस्ट्रॉन्गायलस) गोगलगाय लागते. मुंबईतील उंदरांत हा कृमी आढळल्याची नोंद १९८२ साली प्रसिद्ध झाली आहे. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. गोगलगाय झाली म्हणजे हा कृमी असतोच असे नाही. तरी गोगलगायी उघड्या हाताने वेचू नयेत आणि पावसाळ्यात शेतातील पालेभाजी कच्ची खाताना स्वच्छ धुवावी.

थेट मातीतून पसरणाऱ्या कृमींची अंडी सावलीच्या ओल्या मातीत टिकतात आणि कडक उन्हात मरतात. उन्हाळ्यातील खोल नांगरटीचा हा आणखी एक फायदा आहे. त्यामुळे बिळेही मोडतात.

महापुरानंतर काय होते?

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर कोल्हापूरकरांनी अनुभवले आहेत. पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या शेतात पाणी शिरते तेव्हा बिळे बुडतात. बरेच उंदीर मरतात आणि बिळातील पिसवांच्या अळ्याही बुडून मरतात. जे उंदीर वाचतात ते बांध, रस्त्याचा भराव, झाडे, गोठे आणि घरांत एकत्र गोळा होतात. एरवी विखुरलेले उंदीर एका जागी आल्याने त्यांच्या अंगावरील परजीवी एकमेकांवर सहज जातात. माणसे, गुरे आणि उंदीर एकाच उंचवट्यावर येतात.

पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. हा जिवाणू आहे, परजीवी कीटक नाही. तो उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतो व पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. चिखलात उतरताना गमबूट घालावेत आणि जखम झाकावी.

पाणी ओसरल्यावर बुडालेल्या शेतात काही आठवडे उंदीर कमी दिसतात. हा काळ नियंत्रणासाठी उत्तम आहे, कारण वाचलेले उंदीर बांधावरच असतात. उंदराची मादी साधारण २१ ते २३ दिवसांत विते आणि एका वेळी ५ ते ८ पिल्ले देते. दोन महिने दुर्लक्ष केले तर संख्या पुन्हा पूर्वीवर येते.

ऊसतोडीच्या वेळी धोका का वाढतो?

ऊस तुटला की उंदराचे अन्न आणि सावली एका दिवसात जाते. तो जवळच्या आसऱ्याकडे पळतो. त्याच सुमारास शेताच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या असतात. पाचटाचे छप्पर, जमिनीवर अंथरूण आणि उघडे धान्य यामुळे उंदराला कोपीत सोय मिळते. लहान मुले जमिनीवर झोपतात. मजुरांपैकी अनेक कुटुंबे बीड जिल्ह्यातून येतात, जेथे १९९४ ची आठवण अजून आहे. उंदरापासून बचाव हा ऊसमालक आणि मुकादम यांच्या कर्तव्याचा भाग समजावा.

* कोप्या बांधापासून आणि पाचटाच्या ढिगापासून दूर, उंच व मोकळ्या जागेवर असाव्यात.
* जमिनीवर झोपण्याऐवजी बाज किंवा उंच फळ्यांची व्यवस्था करावी.
* धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे, खरकटे लांब खड्ड्यात टाकावे.
* तोडणी एका बाजूने करत न्यावी आणि तोडणीनंतर लगेच बांधावरील जिवंत बिळांवर उपचार करावेत.

नियंत्रण करताना क्रम चुकवू नये

उंदीर मेला की त्याचे शरीर थंड होते आणि पिसवा त्याला सोडतात. त्या दुसऱ्या उंदराच्या, मांजर-कुत्र्याच्या किंवा माणसाच्या शोधात निघतात. म्हणून घराजवळ, पिसवांचा उपद्रव असताना, एकदम मोठ्या प्रमाणावर उंदीर मारणे धोक्याचे ठरू शकते. अशा ठिकाणी आधी आरोग्य विभागाच्या सल्ल्याने पिसवांचा बंदोबस्त करावा, मग उंदीर मारावेत.

शेतातील मोहिमेसाठी पुढील पद्धत वापरावी.

१. पहिल्या दिवशी सर्व बिळांची तोंडे मातीने बंद करावीत. दुसऱ्या दिवशी उघडलेली बिळे जिवंत समजावीत.

२. झिंक फॉस्फाईड वापरायचे असल्यास आधी दोन-तीन दिवस विषविरहित आमिष (भरडलेले धान्य आणि थोडे गोडेतेल) द्यावे. नंतर ९६० ग्रॅम भरड धान्य, २० ग्रॅम गोडेतेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड मिसळून केलेले आमिष कागदाच्या पुडीत प्रत्येक जिवंत बिळात सुमारे १० ग्रॅम ठेवावे.

३. ब्रोमाडिओलोन ०.२५ टक्के भुकटी वापरताना २० ग्रॅम भुकटी, २० ग्रॅम गोडेतेल आणि ९६० ग्रॅम भरड धान्य घ्यावे. याला विषविरहित आमिषाची गरज नसते. परिणाम काही दिवसांनी दिसतो.

४. आमिष हाताने कालवू नये. हातमोजे व काठी वापरावी. लेबलवरील सूचना पाळाव्यात. मुले, गुरे, कोंबड्या दूर ठेवाव्यात.

५. मोहीम शेजारच्या सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी करावी. एकट्याने केल्यास शेजारचे उंदीर रिकाम्या बिळांत येतात आणि तेथे थांबलेल्या पिसवांना नवा यजमान मिळतो.

६. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिंजऱ्यासह साबणाच्या पाण्यात बुडवावा. त्यामुळे पिसवाही मरतात.

७. मेलेले उंदीर हाताने उचलू नयेत. चिमट्याने किंवा फावड्याने उचलून खोल खड्ड्यात पुरावेत. बीळ उकरून हात घालू नये.

घुबड, साप आणि धामण यांना मारू नये. शेतात पक्षी बसण्यासाठी उंच थांबे लावावेत.

वर्षाचे वेळापत्रक

* एप्रिल-मे: खोल नांगरट, बांधाची दुरुस्ती, बिळे मोडणे. उंदरांची व पिसवांची संख्या कमी असते, म्हणून सामुदायिक मोहिमेसाठी योग्य काळ. जंगलाकाठी मात्र गोचिडापासून सावध राहावे.
* जून-जुलै: पेरणीनंतर बांध स्वच्छ ठेवावेत. पूरपट्ट्यातील धान्य उंचावर हलवावे.
* ऑगस्ट-सप्टेंबर: बिळांत ओल व सौम्य तापमान. पिसवा व चिगर वाढतात. घराभोवतीचे गवत काढावे.
* ऑक्टोबर-नोव्हेंबर: भात-सोयाबीन काढणी. स्क्रब टायफसचा काळ. पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. गवतावर थेट बसू वा झोपू नये.
* डिसेंबर-मार्च: ऊसतोड, काजू हंगाम. कोप्यांची काळजी, जंगलातून आल्यावर अंगावरील गोचीड तपासणे, गरम पाण्याने व साबणाने अंघोळ.

ताप आल्यास आणि उंदीर पडल्यास

पाच-सात दिवस न उतरणारा ताप, डोकेदुखी, अंगदुखी असेल तर अंगावर काळी, न दुखणारी खपली आहे का ते पाहावे. काख, जांघ, कमरेचा पट्टा आणि स्तनाखालची जागा नक्की तपासावी. ही खपली स्क्रब टायफसची खूण असू शकते. ताप चाव्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांनी येतो, त्यामुळे चावा आठवत नाही. डॉक्टरांना आपण ऊस, गवत, जंगल किंवा पुराच्या चिखलात काम केल्याचे स्वतःहून सांगावे. योग्य प्रतिजैविक वेळेत मिळाले तर रुग्ण लवकर बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

विष न घालता घरात किंवा गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा अचानक वाढल्या, तर उंदरांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. माकडे मेलेली दिसली तरी वन आणि आरोग्य विभागाला कळवावे.

कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येक गावात तीन ठिकाणे निवडावीत: एक ओलिताचा ऊस, एक जिरायत रान आणि एक वस्तीजवळचा बांध. दर महिन्याला जिवंत बिळांची संख्या, पिकाची अवस्था, शेवटचा पाऊस किंवा पाणी दिल्याची तारीख आणि लोकांच्या पिसू-गोचिडाच्या तक्रारी वहीत लिहाव्यात. उंदीर पकडून पिसवा मोजण्याचे काम आरोग्य विभागाच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनीच करावे. एका उंदरामागे झेनोप्सिला किओपिस पिसवांची सरासरी एकपेक्षा जास्त गेली तर ती धोक्याची पातळी मानली जाते.

अशी दोन वर्षांची वही झाली की आपल्या गावात कोणत्या महिन्यात कोणत्या शेतातून त्रास सुरू होतो हे दिसू लागते. ती माहिती आशा कार्यकर्ती आणि आरोग्य केंद्राला द्यावी. ममल्यात लोकांनी पिसवांची तक्रार रुग्ण दिसण्याआधी केली होती. गावातून येणारी अशी तक्रार पुढच्या वेळी त्याच दिवशी नोंदवली गेली पाहिजे.